पहिली आवृत्ती ओळखता आली नाही, तर आपलाच ठेवा आपल्याला विकला जाईल



गेल्या काही महिन्यांत गोंदिया, तिरोडा, आमगाव, सडक अर्जुनी इथल्या तरुणांकडून आम्हाला मोबाईलवर एकाच प्रकारचे फोटो येत आहेत. फोटोत बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह असतो आणि खाली विकणाऱ्याचा मजकूर : "ओरिजिनल पहिली आवृत्ती, १९६३, दुर्मिळ." किंमत हजारांत. आणि पोरांचा प्रश्न : घ्यावी का?

अशाच एका फोटोत शीर्षकपानाच्या पाठीमागे प्रकाशकाचा पत्ता होता आणि त्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड होता. भारतात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. १९६३ साली छापलेल्या पुस्तकावर १९७२ चा पिनकोड येईलच कसा? विषय तिथेच संपला. पण ज्या तरुणाने फोटो पाठवला होता तो अर्धी रक्कम द्यायला तयार झाला होता. एका शिकवणी वर्गात शिकवून महिन्याला जेवढे मिळते त्यातले. त्याच्या मनातल्या श्रद्धेचा भाव कुणीतरी लावला होता. म्हणून हा लेख.

आधी एक आक्षेप निकालात काढू. आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, पहिली आवृत्ती हा श्रीमंतांचा शौक आहे. मजकूर तोच, मग पन्नास-शंभर जास्त देऊन नवी प्रत घ्यावी, वाचावी, विषय संपवावा. वाचण्यापुरते हे खरेच आहे. बागूल ज्याने वाचलेले नाहीत त्याने आज बाजारात मिळणारी प्रत घ्यावी आणि या लेखाचा पुढचा भाग नंतर वाचावा. काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवण्यासाठी पहिली आवृत्ती हवी असेल तर आम्हालाही त्यात रस नाही. सूट-बूट घातलेल्या बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून त्यांचे खंड न उघडणारे घर आणि दुर्मिळ पुस्तक प्लास्टिकमध्ये सीलबंद करणारा संग्राहक, दोघांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

पण "मजकूर तोच" हे तुम्हाला कुणी सांगितले? तो तोच आहे हे तपासायचे तर पहिली प्रत समोर असावी लागते. आमचा मुद्दा एवढाच आहे. पहिली आवृत्ती म्हणजे पुरावा.

बाबासाहेबांचीच दोन उदाहरणे घ्या. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली निघाले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या, हे बाबासाहेबांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. १९३७ च्या या दुसऱ्या आवृत्तीत गांधींचे 'हरिजन'मधले लेखन आणि त्याला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर जोडले गेले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंधही आला. म्हणजे तीन आवृत्त्या ही तीन वेगळी पुस्तके आहेत. गांधींशी झालेला वाद ज्याला वाचायचा आहे त्याला पहिली आवृत्ती पुरणार नाही, तिच्यात तो वादच नाही. उलट लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने जे भाषण होऊ दिले नाही ते लोकांसमोर पहिल्यांदा कसे आले, हे पाहायचे तर पहिलीच हवी.

दुसरे उदाहरण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे. मूळ इंग्रजी ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि बाबासाहेबांनी त्यासाठी लिहिलेली प्रस्तावना त्यात नव्हती. ती पुढे भगवान दास यांनी १९८० मध्ये बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावनांच्या पुस्तकात छापून वाचकांसमोर आणली. तेव्हा "पहिले ते सर्वात शुद्ध" असेही नसते. पण काय होते, काय नव्हते, काय नंतर आले हे कळायला सुरुवात कुठून झाली ते माहीत हवे.

कथासंग्रहाच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. 'नाहीं', 'कांहीं', 'तें' गेले. 'नाही', 'काही', 'ते' आले. त्या आसपासच्या जुन्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघते तेव्हा मुद्रितशोधक नव्या नियमाने सगळे सुधारतो. अनुस्वार गेला तर बिघडत नाही. पण त्याच झपाट्यात पात्राच्या तोंडची बोली 'सुधारली' गेली तर? झोपडपट्टीतल्या माणसाची शिवी सौम्य केली तर? दलित कथेत बोली आणि शिवी हा मजकुराचा गाभा असतो. आमच्या झाडीपट्टीत ज्यांची बोली शाळेत मास्तरांनी खोडून काढली त्यांना हे वेगळे सांगायला नको. ('शुद्धलेखन' या शब्दातला 'शुद्ध' कुणाच्या कोशातला आहे, हा स्वतंत्र लेखाचा विषय.) असा बदल एखाद्या पुस्तकात झाला की नाही, याचे उत्तर फक्त पहिली आवृत्ती देते.

आता मूळ प्रश्न : ओळखायची कशी?

शीर्षकपान उलटा. त्याच्या पाठीवर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, साल, किंमत असते. विकणारा मुखपृष्ठाचा फोटो टाकतो, या पानाचा टाकत नाही. तो मागा. दिला नाही तर बोलणे थांबवा.

या पानावर "पहिली आवृत्ती" असे छापलेले दिसले की लोक खूश होतात, आणि मराठीत सगळ्यात मोठा सापळा नेमका हाच आहे. पुस्तक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा नवा प्रकाशक स्वतःची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतो. त्याच्या दृष्टीने ती पहिली आवृत्ती असतेच, तो खोटे बोलत नाही. पण ती त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती नव्हे. काही प्रकाशक "पहिली आवृत्ती : १९६३" ही ओळ तशीच ठेवतात आणि त्याखाली "पुनर्मुद्रण" म्हणून नवे साल देतात, काही ती खालची ओळ देतच नाहीत. शिवाय 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे शब्द आपल्याकडे सैल वापरले जातात. काना-मात्रा न बदलता पुन्हा छापले तरी 'तिसरी आवृत्ती', आणि दोन कथा नव्या घातल्या तरी नुसते 'पुनर्मुद्रण'. म्हणून त्या एका ओळीवर विसंबू नका. पान काय म्हणते त्यापेक्षा पुस्तक नकळत काय सांगून जाते ते बघा.

पिनकोडचे वर आलेच. १९७२ च्या आधी मोठ्या शहरांच्या पत्त्यात 'मुंबई १४', 'पुणे २' असे विभागाचे आकडे असत. आयएसबीएन असेल तर आणखी सोपे : हा क्रमांक भारतात १९८५ नंतर देऊ लागले, आणि तेरा आकडी असेल तर पुस्तक २००७ किंवा त्यानंतरचे. बारकोड तर बोलायलाच नको.

किंमत बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्याआधी रुपये-आणे होते. १९५७ ते १९६४ या काळात 'नये पैसे' म्हणत आणि लिहीत. जून १९६४ पासून 'नये' हा शब्द अधिकृतपणे गेला. तेव्हा १९६३ च्या पुस्तकावर 'नये पैसे' दिसले तर दाव्याला बळ मिळते. नुसते 'रु. ४' असेल तर काहीच सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. छापील किमतीवर रबरी शिक्का मारून वाढीव किंमत घातली असेल तर घाबरू नका. न खपलेल्या प्रती प्रकाशक असेच विकत. प्रत पहिलीच राहते.

मग "याच लेखकाची इतर पुस्तके" ही यादी. हा आमचा सगळ्यात आवडता पुरावा, कारण विकणाऱ्याचे तिकडे लक्षच नसते. बागूलांचा दुसरा कथासंग्रह 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ चा. '१९६३ ची पहिली आवृत्ती' म्हणून दाखवलेल्या प्रतीत त्याचे नाव असेल तर ती प्रत फार तर १९६९ ची. मलपृष्ठावरच्या परिचयात दलित पँथरचा उल्लेख असेल तर प्रत १९७२ नंतरची, कारण त्याआधी पँथरच नव्हती.

छपाईला हात लावून बघा. त्या काळी मराठी कथासंग्रह सर्वसाधारणपणे खिळे जुळवून छापले जात. पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवले की अक्षरांचा दाब जाणवतो. उजेडात तिरके धरले तर दिसतोही. ऑफसेटचे पान सपाट असते. जुन्या प्रतीचा फोटो काढून ऑफसेटवर छापले तर अक्षरे जुन्या वळणाची दिसतात, साल जुनेच दिसते, पण दाब नसतो आणि अक्षरांच्या कडा भरल्यासारख्या किंवा तुटल्यासारख्या असतात. फोटोवरून हे कळत नाही. पुस्तक हातात घ्यावे लागते.

कागद पिवळा पडला, किडीने खाल्ला, वास येतो, यावर मात्र जाऊ नका. स्वस्त कागद पंधरा वर्षांतही पिवळा होतो, आणि आमच्या भागातल्या पावसाळ्यात तर त्याहून लवकर. बांधणीवरूनही घाई नको. फर्मे एकदम छापून ठेवायचे आणि मागणी येईल तशी बांधणी करायची, अशी प्रकाशकांची रीत होती. त्यामुळे आतले फर्मे पहिल्या छपाईचे आणि पुठ्ठा नंतरचा, असे होऊ शकते. ग्रंथालयाच्या प्रतीचे मुखपृष्ठ तर पुन्हा बांधताना हमखास गेलेले असते.

एवढे करूनही जे उरते ते ताडून बघायला जागा आहेत. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतले मध्यवर्ती ग्रंथालय यांसह ठरावीक ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक आहे. सगळे पाठवत असत असे नाही. पण पाठवले असेल तर तिथल्या नोंदीत प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या मिळते. तुमच्या प्रतीची पृष्ठसंख्या आणि अनुक्रमणिका त्याच्याशी जुळली पाहिजे.

आणि इथेही 'पहिली' म्हणजे काय हा वाद राहतोच. हेमिंग्वेच्या 'इन अवर टाइम'ची एक छोटी आवृत्ती १९२४ साली पॅरिसमध्ये १७० प्रतींची निघाली आणि त्याच नावाचा मोठा कथासंग्रह १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये. खरा पहिला कोणता, यावर तिकडचे संग्राहक भांडतात. आपल्याकडे तर कथा आधी नियतकालिकात येते आणि वर्षा-दोन वर्षांनी पुस्तकात. कथेचे पहिले छापील रूप पाहायचे तर ते अंकच शोधावे लागतात. ते अंक कोणी जपले? आपल्या माणसांनी काढलेली साप्ताहिके, पाक्षिके, १४ एप्रिलचे विशेषांक यांच्या फायली आज किती ठिकाणी सलग मिळतात? पहिल्या आवृत्तीला हजारो रुपये मोजणाऱ्या बाजाराला या अंकांची फिकीर नाही. आपल्याला असली पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पहिल्या आवृत्त्या फक्त मुंबई-पुण्यातल्या संग्राहकांकडे आहेत, हा गैरसमज आहे. दीक्षाभूमीवरून वर्षानुवर्षे पिशव्या भरभरून पुस्तके गोंदियात आली आहेत. रेल्वेत नोकरी करणाऱ्या, शिक्षक झालेल्या, बिडी कामगारांच्या संघटनेत वाढलेल्या पिढीने ती घेतली. ती माणसे आता जात आहेत आणि त्यांची कपाटे रद्दीत जात आहेत, किलोच्या भावाने. पोरगा इंजिनियर होऊन पुण्याला, घर भाड्याने, पुस्तके रद्दीवाल्याकडे. आणि तोच पोरगा पुण्यात बसून 'ओरिजिनल पहिली आवृत्ती' ऑनलाईन शोधतो. हे आम्ही चेष्टेने म्हणत नाही. समाजशास्त्रात सांस्कृतिक भांडवल एका पिढीकडून दुसरीकडे कसे जाते ते शिकवतात. आपल्याकडे ते हातातून कसे निसटते, तेही शिकवायला हवे.

गावातल्या जुन्या वाचनालयाच्या प्रतीवर तर आपल्या जिल्ह्याने स्वतःच तारखा मारून ठेवल्या आहेत. शिक्क्यात 'जि. गोंदिया' असेल तर शिक्का १ मे १९९९ नंतरचा, कारण त्या दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. 'गोंदिया, जि. भंडारा' असेल तर बहुधा त्याआधीचा (जुना शिक्का झिजेपर्यंत वापरायची आपली सवय लक्षात ठेवून). आणि पत्त्यात 'म. प्र.' असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. शिक्क्याशेजारी दाखल क्रमांक असतो. वाचनालयाची दाखल नोंदवही शिल्लक असेल तर तो क्रमांक कोणत्या तारखेला चढला ते मिळते. १९६४ च्या एखाद्या तारखेला पुस्तक गोंदियात दाखल झाले होते असे वहीत दिसले, तर ते १९६४ नंतर छापलेले असूच शकत नाही. याहून पक्का दाखला कुठला दुकानदार देणार? म्हणून पुस्तके निकालात काढताना नोंदवह्या जाळणाऱ्या वाचनालयांना आमची हात जोडून विनंती आहे : एक वेळ पुस्तक द्या, पण वही फाडू नका.

शेवटचा मुद्दा आपल्याच प्रकाशकांशी भांडणाचा आहे. आमच्याकडे दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून आणलेल्या पुस्तिकांचा ढीग आहे. त्यातल्या कितीतरींवर साल नाही. आवृत्ती कितवी, माहीत नाही. मजकूर कुठल्या प्रतीवरून घेतला, माहीत नाही. अनुवादकाचे नावही कधी कधी गायब. स्वस्तात विचार घरोघर पोचवायचा हा हेतू मोठा आहे, त्यावर आमचे बोट नाही. पण साल छापायला पैसे लागत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणी म्हणेल, अमुक वाक्य बाबासाहेबांचे नाहीच, कुणीतरी मागून घुसवले, तेव्हा आपण कुठली प्रत पुढे करणार? विनासाल पुस्तिका?

१८६७ च्या छपाई आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव, छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण छापणे सक्तीचे होते. इंग्रजांनी तो आपल्यावर नजर ठेवायला केला होता, पण त्यामुळेच आज आपल्याला दीडशे वर्षांतली पुस्तके ओळखता येतात. त्याची जागा घेणारा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. तो फक्त नियतकालिकांचा आहे, पुस्तके त्यातून वगळली आहेत. त्या जुन्या कायद्याची सक्ती गेली. आता पुस्तकावर खरे तपशील छापायचे की नाही, हे प्रकाशकाच्या प्रामाणिकपणावर आले आहे. जात चोरून सुरतच्या बाजूला रेल्वेची नोकरी करायला गेलेल्या माणसाची कथा बागूलांनी लिहिली. त्याच्यावर ओळख लपवण्याची पाळी व्यवस्थेने आणली होती. आपल्या प्रकाशकांवर पुस्तकाची जन्मतारीख लपवण्याची पाळी कुणी आणली?

तेव्हा स्टॉलवर पुस्तक घेताना शीर्षकपानाची पाठ बघा आणि साल नसेल तर प्रकाशकाला तिथेच विचारा. दहा जणांनी विचारले की अकराव्या पुस्तकावर ते येईल.

आणि ज्यांच्या घरात बागूल, अण्णाभाऊ साठे, शंकरराव खरात यांचे जुने कथासंग्रह आहेत, त्यांनी पुस्तक आम्हाला द्यायची गरज नाही, विकायची तर नाहीच. शीर्षकपान, त्याची पाठ, अनुक्रमणिका, शेवटचे छापील पान, किंमत आणि असेल तो प्रत्येक शिक्का, एवढ्यांचे उजेडात काढलेले फोटो पाठवा. सोबत पुस्तक घरात कुणी आणि साधारण कधी आणले ते लिहा. तालुक्याप्रमाणे यादी करायला आम्ही सुरुवात केली आहे. अर्जुनी मोरगाव, देवरी आणि सालेकसा अजून रिकामे आहेत.

जय भीम.